अकरा दात्यांची खाट

आधीच सांगून ठेवतो, हे लिहायची मला हौस नाही. सूनबाईनं वही आणून दिली, पेन आणून दिलं आणि म्हणाली, "बाबा, रोज जेवताना तेच तेच पुटपुटण्यापेक्षा एकदा लिहून टाका. तुमच्याही डोक्यातून जाईल आणि आमच्याही कानातून." माझी शाळा चौथीत सुटली. ती मी सोडली की मास्तरांनी मला सोडलं, यावर अजून वाद आहे. तेव्हा शुद्धलेखन तपासायची खाज असलेल्यानं वही इथंच मिटावी. आणि यातला मिस्त्री म्हणजे मीच, पण मी त्याला मिस्त्रीच म्हणणार. 'मी घाबरलो, मी घाबरलो' असं पानोपानी लिहायला हात वळत नाही.

तर मिस्त्री मोठ्या हॉस्पिटलात कामाला होता. डॉक्टर माणसं दुरुस्त करायचे, हा त्यांच्या खाटा. मागच्या आवारात पत्र्याची शेड होती, तिथं गंजलेली चाकं, तुटकी हँडलं आणि सलाइनचे लंगडे स्टँड येऊन पडायचे. तीस वर्षं त्यानं तेच केलं. डॉक्टरांपेक्षा याचे पेशंट जास्त बरे व्हायचे, असं तो म्हणायचा. डॉक्टर हसायचे नाहीत.

ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला काम शिकवलं, त्याचा एक नियम होता. खाटेवर पेशंट असताना हँडल फिरवायची वेळ आली तर नर्सला विचारायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच. खाटेवरच्याला विचारायचं, 'आता बरं?' आणि तो 'बरं' म्हणेपर्यंत हँडलवरचा हात काढायचा नाही. शेडमध्ये याला 'बरं घेणं' म्हणत. "चार नंबरचं झालं का?" "झालं. बरं घेतलं." असं बोलणं चालायचं. का घ्यायचं, हे म्हाताऱ्यानं कधी सांगितलं नाही. विचारलं की खेकसायचा, "हात काढून बघ, आणि मग मला येऊन सांग."

मिस्त्रीनं तीस वर्षांत कधी काढला नव्हता.

बायको गेलेली, मुलगा तेव्हा परगावी नोकरीला. घरात मिस्त्री आणि त्याची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली तेव्हा आक्कानंच याला वाढवलं, म्हणजे बडवलं. आता तिच्या छातीत पाणी व्हायचं. आडवी झाली की जीव कोंडायचा. मिस्त्रीनं भंगारात निघालेली खाट घरी आणून तिच्यासाठी नीट केली होती. हँडल फिरवलं की दात्यांचं चाक फिरायचं, खटका एकेक दाता पकडायचा आणि पाठीकडची बाजू वर यायची. एकूण अकरा दाते. सहाव्याच्या खाली पाठ गेली की आक्काचे ओठ निळे पडायचे.

आणि आक्काला कुठंच चैन नव्हतं.

"ठोंब्या, वर घे."

टक्. "आता बरं?"

"खाली घे जरा."

टक्. "आता बरं?"

"अरे, मघाशी होती तिथं घे ना!"

"मघाशी तर वर घे म्हणालीस."

"मघाशी मला कुठं माहीत होतं की तेच बरं होतं?"

दिवसातून वीसदा हे चालायचं. मिस्त्री कावायचा, पण हात काढायचा नाही. शेवटी आक्का तोंड वेंगाडून म्हणायची, "बरं बाबा, बरं. जा आता, मर जा." हेच तिचं बरं.

हे असं चाललेलं असताना एक दिवस शेडमध्ये बाई आल्या. हॉस्पिटलला लागून कॉलेज होतं, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर टोकाला जुन्या वस्तूंची खोली होती. बाई ती सांभाळायच्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज असा की ऐकणाऱ्यानं आपोआप सरळ उभं राहावं.

"मिस्त्री, बारीक काम जमतं का तुम्हाला?"

"किती बारीक?"

बाईंनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. "एवढी खाट."

दुपारची पाळी संपल्यावर मिस्त्री त्या खोलीत गेला. खोलीत डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या चामड्याचा आणि स्पिरिटचा वास होता. टेबलावर काळी पेटी उघडून ठेवलेली होती. आत जांभळ्या मखमलीचे सहा खण आणि प्रत्येक खणात एकेक वस्तू होती. दात काढायची खुर्ची, ऑपरेशनचं टेबल, बाळंतपणाचं टेबल, चाकांची खुर्ची, डोळे तपासायची खुर्ची आणि खाट. सगळं पितळेचं, चामड्याचं, शंभर वर्षांपूर्वीचं. आणि सगळं हलणारं. पाठ वाकायची, पाय दुमडायचे, डोकं टेकायची उशी मागेपुढे व्हायची.

"खेळणी आहेत होय?" मिस्त्री म्हणाला.

"खेळणी काय? नमुने आहेत," बाई म्हणाल्या. "कंपनीचा माणूस खरी खाट काय डोक्यावर घेऊन फिरणार? हे घेऊन डॉक्टरांच्या दारोदार जायचा. वर करून दाखवायचा, खाली करून दाखवायचा. सोमवारी प्रदर्शन आहे. सगळ्या हलल्या पाहिजेत. आणि हातमोजे घाला."

"हातमोजे घातले की दाता कळत नाही, बाई."

बाईंनी हातमोजे परत ड्रॉवरमध्ये टाकले. म्हणजे मिस्त्री जिंकला.

त्यानं एकेक वस्तू काढली. सुईच्या टोकानं तेल सोडलं, कापसानं हिरवट गंज पुसला. पाच वस्तू निमूटपणे सुरळीत झाल्या. खाट शेवटी हातात घेतली. तिच्यावर बोटभर जाडीची चामड्याची गादी होती, आत घोड्याचे केस. हँडल काडेपेटीतल्या काडीएवढं. मिस्त्रीनं दाते मोजले. अकरा. गादीच्या मधोमध एक खळगा होता. लांबट, वर रुंद, खाली निमुळता.

"बाई, हिच्यावर काय ठेवलं होतं?"

"काही नाही. का?"

"दबलीय."

"पन्नासेक वर्षं फिरली असेल ती. दबेल नाही तर काय."

"फिरली, पण झोपलं तर कोणी नाही ना?"

"टीचभर तर आहे, मिस्त्री. तिच्यावर कोण झोपणार?"

मिस्त्रीनं अंगठ्यानं खळगा दाबून सारखा केला. दोन बोटांत हँडल धरून फिरवलं. टक्, टक्, टक्. पाठ वर आली. सातव्या दात्यावर तो थांबला आणि सवयीनं, तीस वर्षांच्या सवयीनं, त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता बरं?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मिस्त्रीला स्वतःचंच हसू आलं.

आणि हसता हसता त्यानं हात काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी कुलूप उघडलं तेव्हा पेटी होती तशीच होती. खाट मात्र नवव्या दात्यावर होती.

"बाई, हिला कोणी हात लावला?"

"किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

आता जरा समजून घ्या. दाता झिजला असेल तर पाठ आपोआप खाली पडते. त्यात काही नवल नाही, रोज पडतात. पण ती आपोआप वर चढत नाही. वर चढायला कोणीतरी हँडल फिरवावं लागतं. दोन दाते म्हणजे हँडलाचे दोन पूर्ण फेरे. मिस्त्रीनं भिंग लावून खटका पाहिला. ठणठणीत. गादीवर खळगा परत आला होता. त्यानं बोट ठेवून पाहिलं. बाकीचं चामडं थंडगार, आणि तेवढाच भाग कोमट.

त्यानं पाठ खाली घेतली, खाट खणात ठेवली आणि चाकांच्या खुर्चीचा ढिला राहिलेला स्क्रू आवळायला पाठमोरा बसला. बाई कपाटात कागद लावत होत्या. पंखा कुरकुरत होता.

टक्.

मिस्त्री वळला नाही. पंख्याचा आवाज असेल.

टक्... टक्.

वर, वर. मग थोडं थांबून खाली. मग पुन्हा वर. मिस्त्रीला तो आवाज पाठ होता. घरी रोज वीसदा ऐकायचा. ज्याला कुठंच चैन नाही अशा माणसाच्या खाटेचा आवाज होता तो.

"मिस्त्री, ते टकटक बंद करा," कपाटाच्या दारामागून बाई म्हणाल्या. "डोकं उठलंय."

मिस्त्रीचे दोन्ही हात खुर्चीवर होते.

त्या दिवशी तो लवकर घरी गेला. उन्हं अजून खिडकीत होती. आक्का खाटेच्या अगदी काठावर, एका कुशीवर, कठडा धरून पडलेली.

"अशी का झोपलीस? पडशील ना."

"मग काय करू? जागा कुठं ठेवलीय तिनं?"

"कोणी?"

"सरक म्हणावं तिला जरा." आक्कानं मागं न बघताच खांदा उडवला. "थंडगार आहे अंगाला. आणि एक मिनिट स्वस्थ नाही. वर काय, खाली काय! मी सातवर बरी होते रे."

मिस्त्रीनं पाहिलं. खाटेचा अर्धा भाग मोकळा होता. चादरीवर मात्र खळगा होता. लांबट, वर रुंद, खाली निमुळता.

त्यानं आक्काला मधे ओढून घेतलं, उशा लावल्या, सातव्या दात्यावर पाठ आणली, बरं घेतलं. चहा टाकायला आत गेला. पाणी उकळायच्या आत आवाज आला. टक् टक् टक् टक्, न थांबता. धावत आला तर खाट पार सपाट झालेली आणि आक्का तोंड उघडून मासोळीसारखी तडफडतेय. ओठ जांभळे. हँडल अजून हळूहळू फिरत होतं.

पाठ वर आणून, पाठीवर थापट्या मारून, तिचा श्वास परत यायला दहा मिनिटं गेली. मिस्त्रीच्या कपाळावरचा घाम तिच्या हातावर टपटपत होता.

"आक्का... ती काय म्हणते?"

आक्कानं आधी मोकळ्या बाजूला नजर टाकली. मग हळू आवाजात, जणू कोणी ऐकेल म्हणून, "म्हणते, सगळ्यांनी वर केलं, खाली केलं. विचारलं कोणीच नाही. तू विचारलंस... आणि ती काय म्हणते ते न ऐकताच हात काढलास."

मिस्त्रीनं तारेनं खटका बांधून टाकला. सहा वेढे, पक्कडीनं पीळ. सकाळी तार जमिनीवर पडलेली, कापलेली नव्हे, उलगडलेली. आणि आक्का पुन्हा काठावर.

शेजाऱ्यांनी फोन केला असावा. दुपारच्या आत आक्काचा मुलगा, म्हणजे मिस्त्रीचा भाचा, गाडी घेऊन हजर. चांगला शिकलेला, कपड्यांना इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री. त्यानं आईला काठावर लोंबताना पाहिलं, तार पाहिली, ओठ पाहिले. दारात चार शेजारी उभे.

"मामा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"अरे, ऐक तर..."

"काय ऐकू? डॉक्टरांनी सांगितलंय ना सपाट झोपवायचं नाही? हँडल सोडून जाता कसे? आईच्या जिवावर उठलाय का?"

"मी नाही सोडलं."

"मग कोणी सोडलं? भुतानं?"

यावर खरं बोलून उपयोग नव्हता आणि खोटं मिस्त्रीला सुचलं नाही. भाच्यानं आईला उचललं, गाडीत बसवलं. जाता जाता आक्कानं काचेतून बोट दाखवून दटावलं, "ठोंब्या, तू तिचं बरं घे आधी. नाहीतर मी काही..." पुढचं गाडीच्या आवाजात गेलं. गाडीत मागच्या सीटवरही ती दाराला चिकटून बसली होती. बाजूला दोघांची जागा मोकळी असताना.

मिस्त्री तसाच कॉलेजात गेला. बाईंना मीटिंग होती. "पाचपर्यंत आटपा," म्हणून त्या त्याला खोलीत सोडून गेल्या. दिवस ढगाळ, उजेड राखेसारखा. खाट खणात सपाट पडली होती. मिस्त्रीनं ती उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पेटीकडे पाठ करून स्टूल ओढलं, चष्मा लावला, दोन बोटांत हँडल धरलं आणि वॉर्डात बसतो तसा बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आता हलत नाही. सांग."

टक्. "आता बरं?"

काही नाही.

टक्. "आता बरं?"

एकेक दाता तो वर गेला, एकेक दाता खाली आला. प्रत्येक दात्यावर थांबून विचारलं. घाई केली नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. बोटं आखडली, नखाशी रक्त साकळलं. गादीवरचा खळगा कधी डाव्या बाजूला सरकायचा, कधी उजव्या. त्याच्या डोळ्यांसमोर. चामडं करकरायचं.

मग त्याला पाठीमागून आवाज आले. आधी एक, बारीक. मग दुसरा, आणि कोण ते त्याला नुसत्या आवाजावरून कळत होतं. दात काढायच्या खुर्चीची उशी मागं झाली. चाकांची खुर्ची खणातल्या खणात अर्धी वळली. ऑपरेशनच्या टेबलाचा पाय खाली आला. एकानं विचारपूस सुरू केली की सगळा वॉर्ड कसा कान टवकारतो, माना वळवतो, आपला नंबर कधी म्हणून... तसं. मिस्त्रीनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात सुटला असता.

"आता बरं?" त्याचा आवाज फाटला होता. "सांग की गं, बाई. आता बरं?"

खिशातला फोन वाजला. डाव्या हातानं त्यानं तो कानाला लावला. उजवा हँडलवरच.

"मामा..." भाचा. आवाजाची इस्त्री पार गेलेली. "मामा, आई आत्ता बोलली."

"काय बोलली?"

"'बरं' म्हणाली. आपणहून. कोणी काही विचारलंही नव्हतं. आवाज... कसातरीच आला. बारीक."

मिस्त्रीच्या बोटांखाली हँडल सैल पडलं. मागचे आवाज एकदम थांबले.

"आणि मग?"

"मग झोपली. सपाट झोपलीय, मामा. उशी काढून टाकली तिनं. श्वास अगदी छान चाललाय."

मिस्त्रीनं हात काढला. बरं मिळालं होतं. नियमाप्रमाणे मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो भाच्याच्या घरी गेला. आक्का साध्या लाकडी पलंगावर, मधोमध, उताणी झोपली होती. हात दोन्ही बाजूंना सरळ. ओठ लाल. भाचा खुशीत. "डॉक्टर म्हणाले, पाणी पार उतरलंय. तिथं तुमच्याकडे राहिली असती तर गेलीच असती." हे त्यानं आपल्या बायकोच्या, डॉक्टरच्या आणि डॉक्टरबरोबर आलेल्या नर्सच्या देखत सांगितलं.

मिस्त्री पलंगाशी बसला. "आक्का, वर घेऊ का जरा?"

"बरं."

"की असूच दे?"

"बरं."

"मी कोण, ओळखलंस का?"

तिनं मान वळवली. डोळे आक्काचेच होते. नीट, कुतूहलानं, माणूस पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत असल्यासारखी ती बघत राहिली. मग हसली. आक्कानं उभ्या जन्मात असं गोड हसून कोणाकडे पाहिलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. ठोंब्या म्हणाली नाही.

मिस्त्री उठला तो तडक त्या खोलीत. बाई चिडलेल्या. "मिस्त्री, तुमचं काम पक्कं झालेलं नाही. सकाळपासून नुसती टकटक." खाट आठव्या दात्यावर होती. त्याच्या देखत एक दाता खाली आली. मग एक वर. मग पुन्हा खाली, फणकाऱ्यानं, आदळल्यासारखी.

तो फणकारा मिस्त्री लहानपणापासून ओळखत होता.

"आक्का?" तो वाकून म्हणाला.

खाट थांबली. मग टक्. वर. टक्. आणखी वर. टक्, टक्, टक्...

बाईंच्या पाया पडून त्यानं दर मंगळवारी यायची परवानगी घेतली. "दुरुस्ती लांबलीय," असं बाई लोकांना सांगतात. त्या काही विचारत नाहीत, फक्त तो असताना आता खोलीत थांबत नाहीत. तो हँडल धरून बसतो. वर घेतो, खाली घेतो, विचारतो. बरं काही मिळत नाही. सहाला खोली बंद होते आणि हात काढावाच लागतो. दर वेळी काढतो.

याला चार वर्षं झाली. भाचा सांगतो, आईची प्रकृती उत्तम आहे. कुरकुर नाही, औषध नाही, जेवणाची तक्रार नाही. फक्त जराशी आखडलीय. आधी कपडे लहान करून घ्यावे लागले. मग पलंगावर पाय खालपर्यंत पोचेनात. गेल्या महिन्यात त्यानं तिच्यासाठी लहान मुलाची गादी आणली. "म्हातारपणी होतंच असं, मामा," म्हणतो. आखडतात रे म्हातारी माणसं, मीही आखडलोय. पण परवा गेलो तेव्हा मी अंगठा आणि करंगळी ताणून मोजलं. डोक्यापासून टाचेपर्यंत तीन वीत भरली. आणि ती माझ्या हाताकडे बघून गोड हसली.

तीन वीत, आणि तरी तो म्हणतो, माझ्या घरात आई बरी झाली. चार माणसांत मला आईच्या जिवावर उठलेला म्हणाला होता, ते शब्द त्यानं अजून परत घेतलेले नाहीत. दर मंगळवारी मी कुठं जातो, तेही कधी विचारलेलं नाही. 'मामा, माझं चुकलं' म्हणायचं राहिलेला माणूस तोच. आक्काचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा.